बुकिंग थांबवा, आधी हरकत नोंदवा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहते. घरची साडेचार एकर जमीन आहे. त्यात विहीर आहे आणि दोन एकर मोसंबी आहे. सातबारा अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. वारसांमध्ये माझे सासरे, चुलत सासरे आणि दोन आत्येसासू आहेत. गेल्या आठवड्यात पेपरात राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाची जाहीर सूचना आली, तीत आमचा गट नंबर आहे. कात्रण सोबत जोडलं आहे. दीर म्हणतात, असल्या सूचना येतच असतात, रस्ता वळणार आहे, आपण गप्प बसायचं.

दुसरीकडे आमच्या ह्यांना भाजीपाला मार्केटला न्यायला पिकअप घ्यायची आहे. मोबाइलवर मेसेज फिरतोय की सरकारनं नवा कायदा केला, पुढच्या महिन्यापासून गाड्यांवरचा टॅक्स डबल होणार. शोरूमवाले रोज फोन करतात, आजच बुकिंगचे पैसे भरा म्हणून. कर्ज जास्तीचं काढावं लागेल, पण जमिनीचे पैसे येतीलच, त्यातून फेडू, असं घरात ठरलंय. मी बारावी शिकलेली, घरातले कागद मीच वाचते. माझ्या मनाला हे पटत नाही, पण नेमकं काय चुकतंय ते मला सांगता येत नाही. विधानसभेत काय पास झालं आणि काय नाही, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

– तुमची एक वाचक

उत्तर

ताई,

तुमच्या कात्रणात मुदत चालू असलेली दिसली, म्हणून सदराची वाट न बघता पत्र मिळाल्या दिवशीच तुम्हाला फोन केला. तेव्हा घाईत बोलणं झालं, म्हणून आज सविस्तर लिहिते. अशीच पत्रं आणखीही काही घरांतून आली आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

काय चुकतंय ते तुम्हाला बरोबर जाणवलं आहे. तुमच्या घरात घाई नको तिथे चालली आहे आणि जिथे दिवस मोजायला हवेत तिथे सगळे निवांत आहेत. गाडीचा मेसेज कोणी लिहिला ते कुणालाच माहीत नाही, तरी त्यावर हजारो रुपये भरायची तयारी आहे. जमिनीची सूचना सरकारनं छापली आहे, तिच्यावर कलम आहे, गट नंबर आहे, आणि ती मात्र घडी घालून ठेवली आहे.

आधी गाडीचं सांगते, कारण ते लवकर आटपतं.

कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, असं आपल्या घटनेचं 265 वं कलमच सांगतं. राज्यात मोटार वाहन कराचा कायदा 1958 चा आहे. दर बदलायचा तर बहुतेक वेळा आधी अर्थसंकल्पात घोषणा होते, मग विधेयक येतं, ते विधानसभेत आणि परिषदेत जातं, राज्यपालांची सही होते आणि शेवटी राजपत्रात छापून येतं. कोणत्या तारखेपासून लागू, ते त्या छापील कागदावर असतं. अधिवेशन चालू नसताना अध्यादेश निघू शकतो, पण तोही राजपत्रातच येतो. तेव्हा कुणी 'नवा कायदा झाला' म्हटलं की एकच विचारायचं: राजपत्र कोणत्या तारखेचं? महाराष्ट्र शासनाचं राजपत्र इंटरनेटवर फुकट बघायला मिळतं. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही सेतू केंद्रावरचा मुलगा ते काढून देईल.

घोषणा आणि कायदा यांत किती अंतर असतं, याचं ताजं उदाहरण देते. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी 30 लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना 6 टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगितलं की हा कर लावणार नाही. त्या दोन आठवड्यांत कितीतरी लोकांनी धावपळ केली असेल.

पण त्याच अर्थसंकल्पातल्या दुसऱ्या गोष्टी खरोखर कायद्यात आल्या आणि 1 जुलै 2025 पासून लागू झाल्या. तुमच्या घरात फिरणाऱ्या मेसेजचं मूळ बहुधा तिथेच असावं. सीएनजी आणि एलपीजीच्या खासगी चारचाकींचा कर एक टक्क्यानं वाढला. महागड्या गाड्यांवरच्या कराची कमाल मर्यादा 20 लाखांची 30 लाख झाली. याचा तुमच्याशी संबंध नाही. तुमच्याशी संबंध आहे तो हा: 7,500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना आता किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर आहे. म्हणजे 9 लाखांच्या पिकअपला 63,000 रुपये. पूर्वी हा कर बराच कमी होता, त्यामुळे 'डबल झाला' असं कुणी म्हणालं असेल तर तो अगदीच खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. पण तो पुढच्या महिन्यापासून वाढणार नाही, तो कधीच वाढून बसला आहे. आज बुकिंग केलं म्हणून त्यातला एक रुपया वाचत नाही. आणि समजा उद्या खरंच दर बदलला, तरी कर लागतो तो गाडी नोंदणीला जाते तेव्हाच्या दरानं. बुकिंगची पावती आरटीओत कामाची नाही.

दुसरा कर जीएसटी. तो राज्याच्या अर्थसंकल्पातून ठरत नाही, त्यासाठी केंद्र आणि राज्यांची मिळून परिषद आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. 7 लाख मूळ किमतीच्या गाडीला पूर्वी 1,96,000 रुपये जीएसटी लागायचा, आता 1,26,000 लागतो. शोरूममधून कोटेशन घेताना मूळ किंमत, जीएसटी, रोड टॅक्स, विमा आणि 'हँडलिंग' असे पाचही आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. एकाच ओळीत 'ऑन रोड' लिहून दिलं तर परत पाठवा. विमा बाहेरून काढायचा तुम्हाला हक्क आहे, हेही तिथल्या तिथे सांगा.

जुनी गाडी किंवा स्कूटर घरात असेल आणि ती 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेली असेल, तर तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्या. ती अफवा नाही. बुकिंग फक्त परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून करा, मेसेजमधल्या लिंकवरून नको.

गाडीचं एवढंच. गाडी घ्या, अवश्य घ्या, धंदा चांगला आहे. पण जेवढा हप्ता भाजीच्या उत्पन्नातून निघतो तेवढंच कर्ज काढा. जमिनीचे पैसे हिशेबात धरू नका. का ते आता सांगते.

तुमच्या कात्रणात राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956, कलम 3अ असा उल्लेख आहे. याचा अर्थ सरकारनं 'ही जमीन घेण्याचा इरादा आहे' असं जाहीर केलं आहे. जमीन अजून गेलेली नाही, ती तुमचीच आहे. या अधिसूचनेपासून 21 दिवसांत लेखी हरकत घेता येते. राजपत्रातली तारीख आणि पेपरातली तारीख वेगवेगळी असेल, तर आधीची जी असेल ती धरा. कायदा राजपत्रापासून मोजतो आणि पेपरात यायला कधी कधी दिवस जातात. तुमच्या कात्रणावरून माझ्या हिशेबानं तुमच्याकडे नऊ दिवस होते, म्हणून मी फोनवर तशी घाई केली.

हरकतीत काय लिहायचं, ते नीट समजून घ्या. बरेच जण इथे 'आम्हाला रेट जास्त द्या' लिहितात. ती वेळ नंतर येते. आत्ता लिहायचं ते जमिनीच्या वापराबद्दल: आखणी थोडी सरकवली तर विहीर वाचते का, शेताचे दोन तुकडे होऊन पलीकडे जायला वाट उरते का, पाण्याचा ओढा अडतो का. आणि सूचनेतल्या चुका: गट नंबर बरोबर आहे का, क्षेत्र बरोबर आहे का, जमीन बागायत असून जिरायत छापली आहे का, नाव कुणाचं आहे. साधा कागद, साधी मराठी पुरते. सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात, बहुतेक ठिकाणी ते प्रांताचं कार्यालय असतं, दोन प्रती घेऊन जा आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. हरकत घेतली की सुनावणी द्यावी लागते, तसं कायद्यातच आहे. हरकत नामंजूर झाली की पुढे कलम 3ड ची घोषणा होते आणि त्या घोषणेनं जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होते. त्यानंतर रस्ता वळवा म्हणण्यात अर्थ उरत नाही.

तुमचे दीर म्हणतात तसं रस्ता वळतोही. शक्तिपीठ महामार्गाचंच बघा. कोल्हापूरकरांनी रेटा लावला तेव्हा 2024 च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्यापुरतं भूसंपादन रद्द केल्याचं सरकारनं जाहीर केलं, आणि पुढे जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं त्याच महामार्गाच्या आखणी आणि भूसंपादनासाठी 20,787 कोटींना मान्यताही दिली. म्हणजे दोन्ही बाजूंनी फिरतं. पण ज्यांनी लेखी काही दिलेलं असतं, त्यांचं म्हणणं फाइलमध्ये राहतं. गप्प बसलेल्याच्या नावानं फाइलमध्ये काहीच नसतं.

आता सातबारा. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. आजेसासरे जाऊन अकरा वर्षं झाली आणि वारस नोंद नाही. मोबदल्याची नोटीस मयताच्या नावानं निघेल. मग वारस धावत येतील, एकमेकांच्या हिश्श्यावर भांडतील, आणि हिश्श्याचा वाद उभा राहिला की सक्षम प्राधिकारी तो निकालासाठी दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. रस्ता होऊन त्यावरून गाड्या धावायला लागतात आणि पैसे कोर्टात पडून असतात. अशी घरं मी पाहिली आहेत.

म्हणून याच आठवड्यात वारस नोंदीचा अर्ज द्या. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, शपथपत्र घेऊन तलाठ्याकडे जा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. राज्यानं 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती नेमकी यासाठीच, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. गावात तिचं काम राहिलं असेल तर तुम्ही होऊन विचारा.

आणि ताई, अर्जात दोन्ही आत्येसासूंची नावं घाला. कुणी म्हणेल, त्यांची लग्नं झाली, त्यांना कशाला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी बापाची पहिल्या वर्गाची वारस आहे. त्यांना अंधारात ठेवून 'जरा एक सही कर' म्हणून हक्कसोड करून घेतलेली मला अजिबात चालणार नाही. स्वखुशीनं कुणी सोडलं तर तो त्यांचा प्रश्न. पण आधी त्यांना घरी बोलवा, जेवू घाला, कात्रण समोर ठेवा, काय येणार आहे ते सांगा आणि मग विचारा. मोकळेपणानं विचारलं की बहिणी सहसा भावाला अडवत नाहीत. लपवून केलेलं उघडं पडतं तेव्हाच कोर्टाची पायरी चढावी लागते.

संयुक्त मोजणीचा, म्हणजे सरकारी माणसं शेतात येऊन जमीन, झाडं, विहीर मोजून लिहितात तो दिवस मात्र कुणीही चुकवू नका. माझ्या मामांच्या शेतात मोजणी आली तेव्हा ते भाच्याच्या लग्नाला गेले होते. नोटीस बांधावरच्या शेजाऱ्याच्या हातात दिली गेली, पंचनाम्यावर सहीही त्याचीच. त्यात बोअरचा उल्लेख नव्हता, कारण त्या दिवशी त्यावर कडब्याची गंजी होती. बांधावरची आंब्याची 14 झाडं 'झुडपे' म्हणून लिहिली गेली. ती झाडं माझ्या आजोबांनी लावलेली. पाडाचा आंबा उतरवायला आम्ही सगळी भावंडं जायचो. ते 'झुडपे' दुरुस्त व्हायला दोन वर्षं गेली, आणि तोवर झाडं तोडून झाली होती. मामांकडे त्यांचा एक फोटोसुद्धा नव्हता.

तुम्ही फोटो काढा. विहिरीचा, पाइपलाइनचा, मोटारीच्या पेटीचा, मोसंबीच्या प्रत्येक ओळीचा, आणि फोटोत माणूस उभा करा म्हणजे झाडाची उंची कळते. झाडं मोजून वयासकट वहीत लिहा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का बघा, नसेल तर वीज मंडळाची बिलं जपून ठेवा. यंदाची ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पीक लावायची मोबाइलवरची नोंद, चुकली असेल तर पुढचा हंगाम चुकवू नका. कागदावर पड किंवा जिरायत दिसणाऱ्या जमिनीला बागायतीचा भाव मागणं फार जड जातं. मोजणीच्या दिवशी पंचनामा वाचूनच सही करा, काही राहिलं असेल तर सहीच्या वर हातानं लिहा. एक मात्र करू नका. सूचना निघाल्यावर मोबदल्यासाठी रातोरात रोपं खोचणारे गावोगाव असतात. पाहणीवाल्यांना ते कळतं, आणि मग खऱ्या झाडांवरही संशय येतो.

मोबदल्याबद्दल गावात चौपट-पाचपट ऐकू येईल. त्यावर काहीही बांधू नका. 2013 च्या भूसंपादन कायद्यातली मोबदल्याची पद्धत 1 जानेवारी 2015 पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू आहे. त्यात आधी बाजारमूल्य काढतात: रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर आणि गेल्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांत जे जास्त असेल ते. ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 मधला गुणांक लागतो, तो राज्य सरकार ठरवतं. मग झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवतात आणि त्या बेरजेइतकीच आणखी दिलासा रक्कम देतात. म्हणजे सगळा डोलारा उभा आहे तो आसपासच्या खरेदीखतांवर. मुद्रांक शुल्क वाचवायला लोकांनी वर्षानुवर्षं खतात कमी रक्कम दाखवली, त्याची झळ आज अख्ख्या गावाला लागते. दुय्यम निबंधकांकडून तुमच्या शिवारातली तीन वर्षांतली मोठ्या रकमेची खतं शोधून नकला काढा. वकिलाच्या फीपेक्षा त्या नकला स्वस्त पडतात आणि कामाच्या जास्त असतात.

निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशातली, रक्कम पटली नाही तर लवादाकडे जाता येतं. पैसे 'हरकत राखून' स्वीकारा आणि तसं पावतीवर लिहा. आणि हे खास लक्षात ठेवा: 2013 च्या कायद्याच्या निवाड्यानं मिळालेल्या रकमेवर आयकर लागत नाही, त्याचं कलम 96 तसं सांगतं; महामार्गाच्या निवाड्याला ते कसं लागू होतं, ते मात्र एखाद्या सीएला विचारून घ्या. गावात एखादा 'टॅक्स वाचवून देतो' म्हणत टक्केवारी मागायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

हे सगळं व्हायला किती काळ जाईल? मामांच्या बाबतीत मोजणीपासून पैसे हातात पडेपर्यंत तीन वर्षं लागली होती, आणि त्यांच्या सातबाऱ्यावर एकच नाव होतं. तुमच्याकडे चार वारस आहेत. पिकअपचा हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू होतो. तुमच्या ह्यांना एवढंच दाखवा: एका कागदावर दर महिन्याचा हप्ता, शेजारी मार्केटमधून सरासरी हातात येणारी रक्कम, डिझेल आणि विमा वजा करून. बसत असेल तर घ्या, नाहीतर मोसंबीच्या बहारापर्यंत थांबा. एका हंगामानं काही बिघडत नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात, घरात मला विचारतं कोण. हरकतीचा अर्ज तुमच्याच अक्षरात लिहा. सासऱ्यांची आणि चुलत सासऱ्यांची सही घ्या, आत्येसासूंना आजच फोन करा, आणि प्रांत कार्यालयात सासऱ्यांबरोबर तुम्ही स्वतः जा. शिक्का मारलेली प्रत हातात आली की तिचा फोटो मला पाठवा. सुनावणीची तारीख लागली की पुढचं बोलू.